युप हाइंकेस खेळाडू म्हणून मोठे की कोच म्हणून?

२०१३ साली जर्मनीच्या बायर्न म्युनिक या फुटबॉल क्लबला एकाच हंगामात तिन्ही करंडक (लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग) जिंकून देणारे हाइंकेस स्वतः कधी वरच्या पातळीवर खेळले होते का, असंही तुम्ही विचारलंय. खेळले होते का? अहो, बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, ३६९ सामन्यांत २२० गोल आहेत या माणसाचे! तिथल्या सर्वाधिक गोलांच्या यादीत त्यांच्या पुढे फक्त गेर्ड म्युलर, लेवांडोव्स्की आणि क्लाउस फिशर. गावच्याच बोरुसिया म्योन्शनग्लाडबाखकडून त्यांनी चार वेळा लीग जिंकली, १९७५ चा युएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) जिंकला आणि १९७४ च्या विश्वविजेत्या जर्मन संघातही ते होते. तरी नाव मागे पडलं, कारण त्या काळात जर्मनीत स्ट्रायकर म्हटलं की म्युलर.

त्यांचा शेवटचा लीग सामना मात्र ऐकण्यासारखा आहे. एप्रिल १९७८, हंगामाचा शेवटचा दिवस. ग्लाडबाख आणि कोलोन यांचे गुण सारखे, पण गोलफरकात (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) कोलोन १० ने पुढे. ग्लाडबाखने डॉर्टमुंडला १२-० असं धुतलं. पहिल्याच मिनिटाला हाइंकेसनी गोल केला, एकूण पाच त्यांचेच. पण तिकडे कोलोनही ५-० ने जिंकलं आणि विजेतेपद तीन गोलांच्या फरकाने गेलं. डॉर्टमुंडचे कोच होते ओटो रेहागेल. त्यांना लगेच नारळ मिळाला.

असा नारळ पुढे हाइंकेसच्या हातीही बऱ्याचदा पडला. बायर्नला १९८९ आणि १९९० ची लीग जिंकून दिली, १९९१ मध्ये हकालपट्टी. (ती आपली सर्वात मोठी चूक होती, असं बायर्नचे मॅनेजर उली होनेस यांनी नंतर कबूल केलं.) रेआल माद्रिदला १९९८ मध्ये ३२ वर्षांनी युरोपचा करंडक मिळवून दिला, पण स्पॅनिश लीगमध्ये संघ चौथा आला म्हणून निरोप. मधल्या काळात फ्रँकफुर्टमध्ये येबोआ, ओकोचा आणि गाउदिनो या खेळाडूंशी असं बिनसलं की हंगाम संपायच्या आत स्वतःच बाहेर पडले. सरावानंतर जादा पळायला लावल्यावरून भांडण पेटलं होतं. कडक मास्तर, चेहरा पटकन लाल व्हायचा, म्हणून बल्बच्या कंपनीवरून त्यांना ‘ओसराम’ म्हणत.

माझं मत कोच हाइंकेसच्या बाजूने पडतं ते इथे. २००९ नंतर, साठी उलटल्यावर, हा माणूस बदलला. २०१२ ची चॅम्पियन्स लीग फायनल बायर्न घरच्याच मैदानावर चेल्सीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं. त्याआधी जादा वेळेत बायर्नच्या रॉबेनची पेनल्टी अडवली गेली होती. त्याच महिन्यांत संघातल्याच रिबेरीने रॉबेनवर हात उचलल्याचं प्रकरणही गाजलेलं. फ्रँकफुर्टच्या काळातल्या हाइंकेस मास्तरांनी अशा ड्रेसिंग रूमचा विचका केला असता. इथे पुढच्या वर्षी तेच दोघे बचावासाठी मागे धावत येताना दिसले. चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये बार्सिलोनाला दोन सामन्यांत मिळून ७-० ने हरवलं, आणि वेम्बलीवरच्या फायनलमध्ये डॉर्टमुंडविरुद्ध ८९ व्या मिनिटाला विजयी गोल कोणाचा? रॉबेनचाच. हाइंकेस तेव्हा ६८ वर्षांचे होते आणि त्यांच्या जागी ग्वार्डिओला येणार हे जानेवारीतच जाहीर झालं होतं. एखाद्याने मनातून अंग काढून घेतलं असतं.

कोच अॅन्चेलोटींना काढल्यावर ऑक्टोबर २०१७ मध्ये बायर्नने पुन्हा त्यांनाच बोलावलं, वयाच्या ७२ व्या वर्षी. त्यांनी लीग जिंकून दिली. मग जर्मन कपची फायनल, समोर फ्रँकफुर्ट. त्यांचे कोच होते निको कोवाच, ज्यांची हाइंकेसच्या जागी नेमणूक आधीच ठरली होती. कोवाच ३-१ ने जिंकले आणि हाइंकेस घरी गेले.