नस दबली, नस सापडंना, नस चढली: नेमकी कुठली नस?

प्रश्न असा आलाय: आईला डॉक्टर म्हणाले "कंबरेत नस दबलीय", कोल्हापुरात राजारामपुरीतल्या लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या ताई म्हणाल्या "नस सापडंना", आणि पोराच्या विज्ञानाच्या पुस्तकात चेतापेशी आहे, तर हे सगळं एकच का?

एकच नाही. बोलण्यातला नस हा शब्द लय मोठा आहे, आणि त्यातली कुठली नस हे पुढच्या क्रियापदावरनं कळतं. नस सापडत नाही, फुगली, सुई नसेत गेली, इथं रक्तवाहिनी, म्हणजे पुस्तकातली नीला. "हार्टच्या नसा ब्लॉक आहेत" म्हटलं की रोहिण्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या. नस दबली, आखडली, पायात करंट मारतोय, मुंग्या येतायत, इथं संवेदना नेणारी नस, इंग्रजीतली नर्व्ह. आणि गंगावेशेत तालमीत कुणी म्हणालं "पोटरीची शीर चढलीया, चोळून घे" तर तिथं रक्तवाहिनी पण नाही आणि नर्व्ह पण नाही, स्नायूला गोळा आलेला असतो. दाताची नस काढली म्हणतात तेव्हा तर दोन्ही असतात, कारण दाताच्या आतल्या मऊ गरात रक्तवाहिन्या आणि नर्व्ह एकत्रच असतात.

हा गोंधळ आपल्याच भाषेचा आहे असं समजू नका. ग्रीकमध्ये न्यूरॉन (चेतापेशीचं इंग्रजी नाव यावरनंच) म्हणजे मुळात कंडरा, स्नायू हाडाला जोडणारा पट्टा, किंवा धनुष्याची दोरी. संस्कृतातला स्नायु त्याच घराण्यातला, आणि सुश्रुतानं जे 900 स्नायू मोजलेत ते सांधे बांधून ठेवणारे बंध आहेत, आजचे मसल नव्हेत. पुढं मराठीत स्नायू मसलकडं गेला, बंगालीत तोच शब्द नर्व्हकडं गेला. म्हणजे बंगाली माणूस स्नायू दुखावला म्हणाला तर कोल्हापूरच्या माणसाला वेगळंच दुखणं ऐकू येणार! मला ही गोष्ट फार आवडते.

आता चेतापेशी. ती नस नव्हे, नस तिच्या धाग्यांची बनते. चेतापेशीचं एक अंग असतं ज्यात केंद्रक असतं, त्याला बारीक फांद्या फुटलेल्या असतात, त्या वृक्षिका, बाहेरचा निरोप मुख्यतः त्यांच्यावर येतो, आणि एक लांब शेपूट निघतं तो अक्षतंतू, निरोप पुढं नेणारा. असे शेकडो-हजारो तंतू एकत्र बांधले की नस होते, ऊस एकेकटा आणि नस म्हणजे मोळी समजा. ऊस जसा कांड्याकांड्यांचा असतो तसंच बऱ्याच तंतूंवर चरबीयुक्त वेष्टण तुकड्यातुकड्यानं असतं, मधेमधे उघडी जागा, आणि विजेचा निरोप त्या उघड्या जागांवरनं उड्या मारत जातो. त्यामुळं जाड, वेष्टणाच्या तंतूतनं तो सेकंदाला 120 मीटरपर्यंत जातो, बारीक उघड्या तंतूतनं सेकंदाला मीटरभरच. बोट उंबऱ्याला आपटलं की आधी कळ जाते आणि मग मागनं ठसठस सुरू होते, ते याचमुळं, दोन वेगळ्या तंतूंवरचे दोन निरोप. मराठीत कळ आणि ठसठस हे शब्द वेगळे आहेतच, ते किती नेमके आहेत बघा.

वीज म्हटलं तरी तारेतल्यासारखं इलेक्ट्रॉन धावत नाहीत. शांत असताना तंतूची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टनं ऋण असते. इशारा आला की तंतूच्या भिंतीतली सोडियमची दारं उघडतात, बाहेरचे सोडियमचे धनभारित कण आत घुसतात, क्षणभर आत धन होतं, मग पोटॅशियम बाहेर जाऊन पूर्ववत, हे सगळं एक-दोन मिलिसेकंदात, आणि तेच शेजारच्या जागेत घडत पुढं सरकतं. दाताचे डॉक्टर बधिर करायचं इंजेक्शन देतात ते हीच सोडियमची दारं बंद करतं.

आईच्या बाबतीत म्हणायचं तर पायाच्या अंगठ्यापासनं कंबरेपर्यंत येणारे संवेदनेचे तंतू मीटरभर लांब असतात. मणक्यातली गादी सरकून ते मुळाशी दाबले गेले तरी मेंदूला निरोप पायाकडनं आल्यासारखाच वाटतो, म्हणून दाब कंबरेत आणि कळ पायात. पाय दुखतोय पण नस कंबरेत दबलीय, हे डॉक्टरांचं वाक्य बरोबरच असतं.

एक शब्द मात्र मला खटकतो, संपर्कस्थान, म्हणजे सिनॅप्स, एका चेतापेशीकडनं दुसरीकडं निरोप जातो ती जागा. बहुतेक ठिकाणी दोन पेशी तिथं एकमेकींना टेकतच नाहीत, मधे साधारण 20 ते 40 नॅनोमीटर फट असते! काही ठिकाणी पेशी थेट जोडलेल्या असतात, पण कमी. यावर दोन शास्त्रज्ञांचा वाद होता: गोल्जी म्हणायचे सगळं एकसंध जाळं आहे, काहाल म्हणायचे प्रत्येक पेशी सुटी आहे, आणि 1906 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. काहालच बरोबर होते, ती फट 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली प्रत्यक्ष दिसली. फटीपलीकडं निरोप जातो तो मुख्यतः रसायनानं. 1921 साली ओटो लोवी या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या एका हृदयाची नस चेतवली, ते मंदावलं, आणि त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं तर तेही मंदावलं. ते रसायन म्हणजे असिटिलकोलिन. त्यामुळं संपर्कस्थानपेक्षा 'चेतासंधी' मला जास्त बरा वाटतो, कारण संधी म्हणजे सांधाही आणि फटही.

पोरानं परीक्षेत मात्र पुस्तकातलाच शब्द लिहावा. मज्जातंतू हा वर्तमानपत्रात-बातम्यांत चालणारा शब्द, मराठी विश्वकोशात तंत्रिका दिसेल, दोन्ही नर्व्हच. आणि दवाखान्यात कुणी नुसतं नस म्हणालं तर सरळ विचारा, रक्ताची का संवेदनेची, कारण औषधं दोन्हीची वेगळी आहेत.