नवख्याने पाडलं की माझं डोकं फिरतं. ज्युदोत ‘अहंकार सोड’ म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं ज्युदो करताय, रांदोरीत (मोकळ्या सरावाच्या लढतीत) एखाद्या नवख्याने पाडलं की राग अनावर होतो, मग पुढची लढत तुम्ही सराव म्हणून खेळतच नाही. आणि सर म्हणतात, “अहंकार दाराबाहेर ठेवून ये.”

हे वाक्य मीही पुष्कळ ऐकलंय. चपलांबरोबर तोही बाहेर काढून ठेवायचो. पहिल्यांदा पडलो की बघावं, तर पठ्ठ्या माझ्याआधी मॅटवर हजर!

मी ब्राउन बेल्ट (ब्लॅक बेल्टच्या खालची पायरी) होतो तेव्हाची गोष्ट. जेमतेम तीन महिने झालेला एक मुलगा, कुणाचा तरी मोठा गी (ज्युदोचा पोशाख) घातलेला, बाह्या सारख्या हातावर येतायत. मी बेसावध पाऊल टाकलं, त्याने पाय सरकवला आणि मी पाठीवर. कडेला बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. बस, तेवढंच. कान तापले. पुढच्या दीड मिनिटात मी त्याला पाडलं, हात ओढून जुजी-गातामे (कोपर उलटं ताणायचा डाव) लावला. त्याने माझ्या मांडीवर दोनदा थाप मारली, म्हणजे टॅप केला: ‘हरलो, सोड.’ ती मला कळली. स्वच्छ कळली. तरी मी अर्धा सेकंद जास्त धरून ठेवलं. कोपरात टक् असा आवाज झाला.

तो सहा आठवडे आला नाही.

सर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “महिनाभर तू फक्त पडायचं.” म्हणजे रांदोरी बंद, जो कुणी डावाचा सराव करत असेल त्याला अंग द्यायचं. नवे, जुने, माझ्याहून वीस किलोने हलके, सगळ्यांनी मला आपटलं. रोज शंभराच्या आसपास वेळा. पहिला आठवडा मी मनातल्या मनात प्रत्येकाचा हिशेब ठेवत होतो, की हा माझ्यामुळे पाडू शकतोय, एरवी याची काय बिशाद! दुसऱ्या आठवड्यात हिशेब ठेवायचं त्राण उरलं नाही. हनुवटी आत, श्वास बाहेर, हाताचा तडाखा मॅटवर, ऊठ. पुन्हा. पडणं ही घटना राहिलीच नाही. माझ्या बाबतीत अहंकाराची जी काही धार गेली ती अशी गेली. ध्यान, चिंतन, रोजनिशी यांनी फारसं काही झालं नव्हतं. म्हणून तुम्हालाही पहिलं हेच सांगेन: सरांकडे जाऊन स्वतःहून पडायचं काम मागा.

राग कुठे बसतो हेही मला त्याच महिन्यात कळलं. मनात वगैरे नंतर. आधी तो बसतो मनगटाच्या वर. समोरच्याची कॉलर तुम्ही इतकी आवळून धरता की दोन मिनिटांत हात दगड होतो आणि बोटं उघडत नाहीत. दात आवळलेले असतात, श्वास कोंडलेला असतो. मग तुम्हाला वाटतं की दम कमी पडतोय. दम कमी नसतो, तुम्ही श्वासच घेत नसता. राग आवरायला सांगून आवरत नाही, पण बोटं सैल करा म्हटलं तर करता येतात. लढतीच्या मध्येच मी अजूनही करंगळी सोडून बघतो. सुटली नाही तर समजतो की गडी तापला.

“पण आक्रमक नसलं तर जिंकणार कसं?” असं कुणीतरी म्हणेलच. जोरात खेळा की, फक्त रागात नको! कानोंनीच आकड्यांत सांगितलंय. जिगोरो कानो, ज्युदोचे जनक, ज्यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. समजा समोरच्याची ताकद १० आणि माझी ७. त्याने पूर्ण जोराने ढकललं आणि मी अडून राहिलो तर मीच पडणार. पण तो ढकलतोय तेवढाच मी तोल सांभाळत मागे सरकलो, तर तोल जातो त्याचा, आणि तशा अवस्थेत त्याची ताकद उरते समजा ३. माझी ७ शाबूत. आता रागावलेला माणूस आठवा. तो ढकलतच असतो. तुमच्या त्या नवख्याला याहून सोपं गिऱ्हाईक कुठे मिळणार?

टॅपबद्दल मात्र मी कडक बोलणार. टॅप करायला लाज वाटत असेल तर गळ्याच्या डावांपासून सुरुवात करा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या की दहा-बारा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो, तिथे जिद्द काही कामाची नाही. कोपर तर तेवढाही वेळ देत नाही. आणि समोरच्याने टॅप केला की त्याच क्षणी सोडायचं, यात ‘जवळजवळ’ चालत नाही. तुमच्या हातात त्याचा सांधा आहे, तो त्याने विश्वासाने दिलाय.

बाकी किरकोळ. डोकं तापलंय असं जाणवलं तर एक फेरी बाहेर बसा, कारण विचारलं तर खरं कारण सांगा. सुरुवातीलाच जोडीदाराला म्हणा, “आज निम्म्या जोराने.” आणि पडल्यावर हसून “वा, छान लावलास” म्हणणाऱ्यांच्या नादी फार लागू नका, मीही काही महिने तसं म्हणत होतो, ती उदारता दाखवण्यातही मजा येते, आणि ती मजा कसली आहे ते तुम्हाला कळेलच.

तो मुलगा परत आला, कोपराला पट्टी बांधून. मी माफी मागितली, तो “होतं हो सर” म्हणाला. आता तो माझ्याहून चांगला खेळतो, इतरांशी शेवटपर्यंत झुंजतो. माझ्याशी खेळताना मात्र मी नुसता हात धरला, डाव अजून लागलाही नसला, तरी तो टॅप करतो.