जुन्या हत्यारांच्या कॅटलॉगमधली चित्रं छापायचे कशी? आणि दोन कॅटलॉगांत तेच चित्र कसं?

तुम्ही १८८०-९०च्या अमेरिकी कॅटलॉगांबद्दल विचारताय, म्हणजे रंधे-करवतींची बारीक रेघांची चित्रं. आमच्या घरी खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायचा, छापखाना होता, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलतो.

मूळ चित्र लाकडात कोरलेलं असे. बॉक्सवुड हे फार घट्ट लाकूड, आणि तेही फळीसारखं उभं चिरलेलं नव्हे, तर काकडीच्या चकतीसारखं आडवं कापलेलं. त्यावर कोरणी कुठल्याही दिशेने फिरवली तरी धस निघत नाही. कोरणाऱ्याने पांढरं तेवढं काढायचं. उरलेल्या रेघा शाई घेतात. रंध्याच्या पात्यावरची चमक म्हणजे बारीक होत गेलेल्या रेघा, बस्स. पुढे लाकडावरच फोटो उतरवून त्यावर कोरायला लागले, त्यामुळे ‘फोटो की हाताचं काम?’ याचं उत्तर पुष्कळदा ‘दोन्ही’ असं असतं.

बॉक्सवुडचं खोड बारीक असतं. मोठ्या चित्रासाठी तुकडे जोडावे लागत. सांधा हलला की छापात केसासारखी सरळ पांढरी रेघ उमटते. भिंगातून शोधा, मजा येते.

आता दुसरा भाग. एवढ्या मेहनतीचा ठोकळा थेट मशीनवर झिजवणार कोण? तो मेणावर दाबून साचा घेत, त्यावर ग्राफाइटची पूड चोळत आणि मोरचुदाच्या द्रावणात वीज सोडून तांब्याचा पातळ पापुद्रा चढवत. पापुद्र्यामागे शिशाचा मिश्रधातू ओतून तो लाकडावर ठोकला, की खिळ्यांच्या उंचीचा ब्लॉक तयार. म्हणून मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापलं जाई. असे कितीही ब्लॉक निघत, आणि कारखानदार ते आपल्या विक्रेत्यांना कॅटलॉगसाठी पुरवत. चित्र हुबेहूब असण्याचं कारण हेच. आमच्या खणातला एकच गणपती गावातल्या निम्म्या लग्नपत्रिकांवर बसलेला असे, तसंच हे.

म्हणून एक सांगतो: चित्रावरून हत्याराचं साल ठरवू नका. हत्यार बदललं तरी जुना ब्लॉक चालवून घेतलेला असू शकतो.

१८९०च्या दशकात हाफटोन, म्हणजे फोटो बारीक ठिपक्यांत फोडून छापायचा प्रकार, रुळला, पण त्याच्या ठिपक्यांना गुळगुळीत कागद लागतो. स्वस्त, खरबरीत कागदावर ते भरून जातात आणि रंध्याचा स्क्रू कुठला, पाचर कुठली, काही कळत नाही. रेघांचं चित्र तिथेही स्वच्छ उठतं, म्हणून हत्यारवाल्यांनी ते लवकर सोडलं नाही.