वाचकांचे प्रश्न: नंबर मिळाला म्हणून फोन लावायचाच का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी बेळगावातल्या वडगावचा, बीकॉम झालंय, चार महिने झाले टिळकवाडीत एका नवीन स्टार्टअपमध्ये सेल्सला आहे. किराणा दुकानदारांसाठी उधारी आणि ऑर्डरचं ॲप आहे, आणि ॲप खरंच चांगलं आहे, माझ्या मामाच्या दुकानात पण चालू आहे. पण काम असं की रोज दीडशे फोन, वर व्हॉट्सॲप, अर्धे मराठीत अर्धे कन्नडमध्ये, आणि समोरचा नको म्हणाला तरी अजून तीन वेळा लावायचाच. नंबर नुसते दुकानदारांचे नाहीत, एका दुकानदाराच्या होम डिलिव्हरीच्या वहीतले गिऱ्हाइकांचे पण उतरवून घेतलेत. सर म्हणतात नवीन कंपनी आहे, ओरडल्याशिवाय कोण ऐकणार, मोठे झालो की नीट वागू. परवा एका घरी मयत झालेलं, फोन उचलला तर मागं रडणं ऐकू येत होतं आणि मी ऑफर सांगत होतो. तेव्हापासून फोन लावताना हात थांबतोय. घरातले माग बंद पडलेत, पगाराची गरज आहे. हे चुकीचं आहे का, का मीच जास्त हळवा आहे?
– वडगावचा एक वाचक

उत्तर: चुकीचं आहे, आणि तू हळवा नाहीस. तुझ्या पत्राच्या दोन दिवस आधी खानापूरकडून एक पत्र आलंय, ते मुद्दाम खाली छापतेय, आधी ते वाच आणि मग इथं परत ये.

वाचलंस? आता बघ, ज्याला असले फोन नको असतात तो अनोळखी नंबर उचलतच नाही, त्याला काय फरक पडत नाही. तुझा फोन उचलतो तो वाट बघणारा माणूस. दवाखान्यातून रिपोर्ट यायचाय, पोरगी बेंगळुरूला आहे, मुलगा सैन्यात आहे, नाहीतर नोकरीचा कॉल यायचाय. म्हणजे तुझ्या दीडशे फोनांचा त्रास होतो तो बरोबर त्यांनाच, ज्यांना फोन टाळणं परवडत नाही. सरांच्या हिशोबात हे कुठंच येत नाही.

मी लहान असताना आमच्याकडं तुमच्या वडगावातूनच एक काका साड्यांचं गाठोडं घेऊन यायचे. बोलावणं नसायचं, म्हणजे तुमच्या भाषेत ते पण अनसॉलिसिटेडच. पण ते स्वतः उन्हातून चालत यायचे, उंबऱ्याच्या बाहेर थांबायचे, आजी म्हणाली आज नको की गाठोडं उचलून पुढच्या दाराला, आणि पुढच्या वेळी लक्षात ठेवून यायचे की ह्या घरात लग्न आहे, त्या घरात सुतक आहे. न बोलावता दारात येणं हे काय पाप नाही रे. पण त्यांना एक दार म्हणजे एक चक्कर पडायची, म्हणून ते विचार करून यायचे. तुमच्या मेसेजला पैसा लागत नाही न् पाय दुखत नाहीत, सगळा भार ऐकणाऱ्यावर, मग विचार कोण करणार?

आता सर म्हणतील यानं धंदा होतो. होतो की, नाही कोण म्हणतंय! १९७८ साली अमेरिकेत गॅरी थुर्क नावाच्या मार्केटिंगवाल्यानं कॉम्प्युटर विकायला अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर, जवळजवळ ४०० जणांना एकदम ईमेल पाठवलं, त्याला पहिला स्पॅम, म्हणजे न मागता पाठवलेली जाहिरात म्हणतात, लोक भडकले, तक्रारी झाल्या, आणि विक्री पण झाली म्हणे. पण धंदा होतो म्हणून ते बरोबर होत नाही. आणि मोठं झाल्यावर नीट वागू हे मला अजिबात पटत नाही, कारण नको ऐकायची सवय पहिल्या दहा गिऱ्हाइकांपासून लागते, नाहीतर लागतच नाही.

वहीचं तर जास्तच वाईट. बायकांनी नंबर दिला तो तांदूळ-डाळ घरी यावी म्हणून. ज्या कामाला माहिती दिली त्याच कामाला ती वापरायची, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच विचारावर उभा आहे. शिवाय साध्या दहा आकडी नंबरवरून असले धंद्याचे कॉल चालत नाहीत, टेलिकॉम कंपनीकडं नोंदणी करून १४० नं सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे असतात. दहा दिवसांत पाच जणांनी तक्रार केली तरी कारवाई सुरू होऊ शकते, आधी पंधरा दिवस आउटगोइंग बंद, परत केलं तर वर्षभर सगळी कनेक्शन बंद. आणि सिम तुझ्या नावावर असेल तर अडकशील तू, हे आजच बघून घे.

नोकरी सोड असं मी म्हणणार नाही, घरचं तू लिहिलंयस. पण वहीतल्या नंबरांना उद्यापासून फोन लावू नकोस, तसं सरांना तोंडावर सांग. नको म्हणालेल्यांची यादी कर आणि ती टीममध्ये सगळ्यांना दे. आणि पंधरा दिवस मागून घे, मामाचा फोन दाखवत रविवार पेठेत, खडे बाजारात दुकानोदुकानी स्वतः फीर, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. किती जणांनी ॲप घेतलं ते फोनच्या आकड्याशेजारी लिहून सरांपुढं ठेव. तरी ते ऐकत नसतील तर दुसरी नोकरी शोधायला लाग, ही चालू ठेवून.

प्रश्न: मुलगा फौजेत आहे, कुठल्याही नंबरवरून फोन करतो, म्हणून मी शेतातून पळत येऊन उचलतो. दिवसातून पाच-सहा वेळा लोन नाहीतर कुठलं तरी ॲप. डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन अडवायची सोय, चालू केली तर मुलाचा फोन पण बंद होईल अशी भीती वाटते.
– खानापूर तालुक्यातून एक वाचक

उत्तर: काका, नाही होणार बंद. डीएनडीनं फक्त जाहिरातीचे कॉल-मेसेज अडतात, घरच्यांचे फोन आणि बँकेचे ओटीपी येतातच. १९०९ ला फोन करा, नाहीतर ट्राय या सरकारी टेलिकॉम नियामकाचं डीएनडी ॲप वापरा. साध्या नंबरवरून त्रास देणाऱ्याची तक्रार डीएनडी नसलं तरी करता येते, फोन आल्यापासून सात दिवसांत करायची, २०२५ च्या आधी तीनच दिवस मिळायचे. व्हॉट्सॲपला हे लागू नाही, तिथं रिपोर्ट करून ब्लॉक करा आणि ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं ते सेटिंगमध्ये बदला. मुलगा सुट्टीवर आला की त्याच्याकडून करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.