वाचकांचे प्रश्न : कार्बुरेटरवर आणलेल्या इंजिनाचं वायरिंग

प्रश्न : प्रीमियर पद्मिनीत १३०० सीसीचं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवून ते कार्बुरेटरवर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक भागावर, केलं आहे. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काढला. इंजिनासोबत आलेल्या हार्नेसमधल्या (वायरींच्या जुडग्यातल्या) कोणत्या वायरी ठेवायच्या?

उत्तर : एकही नाही. अर्धवट कापलेल्या हार्नेसमध्ये पुढे शॉर्ट शोधणं फार कठीण जातं. नवा हार्नेस ओढा, वायरी मोजक्याच लागतात : स्टार्टर, अल्टरनेटर, इग्निशन, पेट्रोल पंप, पंखा, ऑइल आणि टेम्परेचरचे सेंडर (मीटरला माहिती देणारे सेन्सर).

आधी इग्निशन. स्पार्कची वेळ ईसीयू ठरवत होता. आता व्हॅक्यूम आणि मेकॅनिकल अॅडव्हान्स असलेला (वेगानुसार आणि भारानुसार स्पार्कची वेळ स्वतः बदलणारा) डिस्ट्रिब्युटर हवा, नाहीतर क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा क्रँक सेन्सर वाचणारं स्वतंत्र मॉड्यूल. कार्बुरेटरच्या आयडल सोलेनॉइडला (आयडलचं पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला) इग्निशनचा करंट वेगळ्या वायरीने द्या, इग्निशन कॉइलच्या प्लसवरून नको. बॅलास्ट (कॉइलचा व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर) असेल तर इंजिन चालू असताना तिथे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत आणि सोलेनॉइड नीट उघडत नाही.

सर्वांत धोक्याची जागा पेट्रोल पंप. एमपीएफआयचा पंप साधारण ३ बार दाब देतो, कार्बुरेटरला ०.२ बारच्या आसपास पुरतो. जास्त दाबाने कार्बुरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह बसत नाही, पेट्रोल वाहून गरम मॅनिफोल्डवर पडतं. कमी दाबाचाच पंप लावा. त्याला बॅटरीवरून १० अँपिअरचा फ्यूज, १.५ स्क्वेअर एमएम वायर आणि कॉइलचे पल्स वाचणारा सेफ्टी रिले द्या (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). अपघातात इंजिन बंद पडलं आणि चावी चालूच राहिली, तरी पंप थांबतो. साध्या रिलेवर तो पेट्रोल ओतत राहील.

पंख्याला ४ स्क्वेअर एमएम वायर, ३० अँपिअरचा फ्यूज आणि ४० अँपिअरचा रिले. ४५ अँपिअरच्या अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत १० स्क्वेअर एमएम.

अर्थिंग विसरू नका. इंजिन रबर माउंटिंगवर बसतं, त्यामुळे इंजिन ते बॉडी जाड पट्टी लागतेच, रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर. ती नसेल तर स्टार्टरचा करंट अॅक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते.

इंजिन बदलाला आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंदही लागते.

प्रश्न : असंच नवं वायरिंग केल्यावर चावी बंद करूनही इंजिन चालूच राहतं. का?

उत्तर : चावी बंद करून कॉइलच्या प्लसवर मीटर लावा. व्होल्टेज दिसलं तर करंट बहुधा अल्टरनेटरकडून चार्जिंग लॅम्पमधून (डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या दिव्यातून) उलटा येतो आहे. चावीने चालणाऱ्या इग्निशन रिलेची स्वतःची कॉइल जेमतेम १५० मिलिअँपिअर घेते, तेवढा करंट त्या बल्बमधून सहज जातो आणि रिले सुटत नाही. लॅम्पच्या वायरीत १एन४००७ डायोड घाला, पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे. तिथे एलईडी लावू नका. २ वॅटचा बल्ब नसेल तर अल्टरनेटर वेळेवर चार्ज सुरू करत नाही.

मीटरवर शून्य असेल आणि इंजिन झटके देत फिरत असेल, तर दोष इग्निशनच्या वायरिंगचा नाही, पेट्रोल स्पार्कशिवाय उष्णतेनेच पेटतं आहे. आयडल स्पीड जास्त आहे का, सोलेनॉइड चावीसोबत ‘टिक’ करून बंद होतो का, ते पाहा.