क्रांतिकारी चळवळींना नेमकी कोणती राजकीय तत्त्वं प्रेरणा देतात?

स्वातंत्र्य, समता, लोकांचं सार्वभौमत्व, कसेल त्याची जमीन. यादी कुठल्याही गाइडात सापडेल. मी लिहायला बसले कारण हाच प्रश्न कॉलेजात आमच्या भित्तिपत्रकाचा विषय होता, आणि तो विषय निघाला की मला अजून राग येतो.

फ्रान्स माझ्याकडे होतं. २६ ऑगस्ट १७८९चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, १७ कलमं वगैरे लिहिलंच. खाली ओलांप द गूजवर एक चौकट केली. या बाईने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, मुद्दाम त्याच साच्यात, तेवढ्याच १७ कलमांचा. बाईला वधमंचावर चढायचा हक्क आहे, तर भाषणाच्या मंचावर चढायचाही हवा, असं त्यात होतं. १७९३ मध्ये तिला पकडलं ते एका भित्तिपत्रकावरून, आणि त्याच वर्षी गिलोटिनखाली मारलं.

चौकट लाल शाईने लिहिली होती. सकाळी पाहते तर तिच्यावर रोबेस्पिएरचं, म्हणजे फ्रेंच क्रांतीतल्या बड्या नेत्याचं, चित्र चिकटवलेलं! तिने ज्याच्यावर जाहीर टीका केली, नेमका तोच. गोंद ओला होता, खालची शाई त्याच्या गालावर फुटली होती. संपादक म्हणाले, "विषयांतर होतंय गं. आधी मूळ तत्त्व कळू दे लोकांना, बाकीचं नंतर."

हे 'नंतर' मला तेव्हाही पटलं नाही. 'सर्व माणसं समान' लिहिणाऱ्यांच्या मनात सगळी माणसं नव्हतीच. सां-दोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, फ्रान्सचे जवळपास ५ लाख गुलाम उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांवर राबत होते. ते १७९१ मध्ये उठले. पॅरिसने गुलामगिरी रद्द केली ती १७९४ मध्ये, तीही या उठावाच्या रेट्याने. १८०२ मध्ये नेपोलियन ती परत आणायला निघाला, तेव्हा त्याच्या फौजेला हरवून हैती १ जानेवारी १८०४ला स्वतंत्र झाला. आता सांगा, समतेचं तत्त्व खरं कुणाचं? जाहीरनाम्यावर हात वर करणाऱ्यांचं की यांचं?

रशियातही तेच. 'सर्व सत्ता सोव्हिएतांना', म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडून दिलेल्या समित्यांना, म्हणत १९१७ची क्रांती झाली. १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या नौदल तळावरच्या खलाशांनी त्याच सोव्हिएतांच्या गुप्त मतदानाने नव्या निवडणुका मागितल्या, तर क्रांतीतून आलेल्या सरकारनेच त्यांच्यावर आपली लाल सेना धाडली.

म्हणून चळवळीत उतरणार असाल तर 'तुमचं नंतर बघू' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे तारीख विचारा. मी विचारली नाही.

हो, भूक राहिलीच. १९१७ मध्ये रशियाच्या तेव्हाच्या राजधानीतल्या, पेत्रोग्रादच्या गिरणीकामगार बायका रस्त्यावर आल्या त्या पावासाठी, कुठलं कलम वाचून नव्हे. संपादकही हेच म्हणायचे, आणि त्यात तथ्य आहे. पण मग त्या बायकांवरचा मजकूर तरी लावायचा होता. भित्तिपत्रकात तोही नव्हता.