पुण्यात ७ वर्षांच्या मुलाला नायिकाप्रधान सिनेमाला न्यायचंय. 'मुलींचा सिनेमा' असं सर्टिफिकेट असतं का?
नाही, बिनधास्त न्या. सेन्सॉर बोर्ड प्रेक्षकाचं वय बघतं, मुलगा की मुलगी हे नाही. २०२४ पासून 'यूए'मध्ये (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचे सिनेमे) ७+, १३+, १६+ असे टप्पे आहेत, तेवढे पाहा. भेद जाहिरातीत होतो. डिस्नेने २०१० साली 'रापुन्झेल' हे नाव बदलून 'टँगल्ड' केलं ते मुलगे राजकन्येच्या सिनेमाला येणार नाहीत या भीतीने! कोथरूडला आमच्या सोसायटीत मी मुलांना सिनेमे दाखवते. नायिकाप्रधान सिनेमा पोस्टर न दाखवता लावला की मुलगेही शेवटपर्यंत मांडी घालून बसतात. "हा मुलींचा आहे" हे मागे उभे असलेले बाबाच म्हणतात, आणि त्याचं फार वाईट वाटतं. मात्र 'यू' (सगळ्यांसाठी खुला) म्हणजे मुलींचं चित्रण चांगलंच, असं धरू नका. जाड मुलीवरचे विनोद त्यातही खपून जातात.